एक शहर, तीन राज्यं आणि बापूजी अणे

जामसांवलीहून नागपूर सत्तर किलोमीटरच्या आतबाहेर. मंगळवारी-शनिवारी पहाटेपासून नागपूरच्या गाड्या आमच्या गावात उभ्या राहतात. लोक निजलेल्या हनुमानाचं दर्शन घेतात, नारळ फोडतात आणि दुपारपर्यंत परत. आम्ही उलट दिशेने जातो. दवाखाना नागपूरला, लग्नाचा बस्ता नागपूरला, संत्र्याची गाडी नागपूरला, आणि बारावी झाली की शिक्षणही नागपूरला. घरात मराठी, शाळेत हिंदी, आणि मतदान छिंदवाडा लोकसभेत. शेजारच्या सावनेरचा माणूस रामटेकला मत देतो आणि आम्ही छिंदवाड्याला, मधे फक्त एक बॅरियर.

आमच्याकडची जुनी माणसं बोलता बोलता अजूनही नागपूरला राजधानी म्हणून जातात. लहानपणी मला ती चूक वाटायची. राजधानी तर भोपाळ! पण चूक माझीच होती. १९५२ साली स्वतंत्र भारताची पहिली निवडणूक झाली तेव्हा सौंसर, पांढुर्णा, छिंदवाडा आणि नागपूर हे सगळं एकाच राज्यात होतं. त्या राज्याचं नाव मध्य प्रदेश आणि त्याची राजधानी नागपूर. म्हणजे नागपूर लोकसभा मतदारसंघाने पहिला खासदार निवडला तो मध्य प्रदेशात राहून. दुसरा निवडला १९५७ मध्ये, द्विभाषिक मुंबई राज्यात राहून. तिसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीला, १९६२ मध्ये, तेच शहर महाराष्ट्रात होतं. शहर जागचं हललं नाही, दहा वर्षांत राज्यं तीन झाली. आपल्या देशात असे मतदारसंघ फार नसावेत.

या गुंतागुंतीच्या काळात नागपूरने ज्या म्हाताऱ्या माणसाला दिल्लीला पाठवलं, त्याची ही गोष्ट आहे. माधव श्रीहरी अणे. लोकनायक बापूजी अणे. आता लोकनायक म्हटलं की आपल्या पिढीला जयप्रकाश नारायण आठवतात, तेही आठवले तर. पण विदर्भात ही पदवी आधी बापूजींची होती.

बापूजींचा जन्म २९ ऑगस्ट १८८० चा, वणीचा. वणी यवतमाळ जिल्ह्यात, म्हणजे वऱ्हाडात. घरात वैदिक विद्येची परंपरा, त्यामुळे संस्कृत लहानपणापासून कानावर. पुढे कॉलेजसाठी ते नागपूरला आले. त्या वेळी नागपुरात मिशनऱ्यांचं हिस्लॉप कॉलेज होतं आणि मॉरिस कॉलेज होतं. दोन्ही दूरच्या कलकत्ता विद्यापीठाला जोडलेली, कारण नागपूरला स्वतःचं विद्यापीठ यायला १९२३ उजाडायचं होतं. बापूजी मॉरिस कॉलेजातून १९०२ च्या सुमारास बी.ए. झाले. मग अमरावतीला खाजगी शाळेत मास्तरकी केली, कायद्याची परीक्षा दिली आणि यवतमाळला वकिली सुरू केली.

वकिली चालली असती तर चरित्र इथेच संपलं असतं. पण तो टिळकांचा काळ. बापूजी टिळकांचे झाले ते जन्मभरासाठी. सरकारविरोधी लिखाणाच्या भानगडीत काही काळ सनदही गेली. होमरूलच्या चळवळीत ते वऱ्हाडातले पुढारी होते, आणि १९२१ पासून जवळजवळ दहा वर्षं वऱ्हाड प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्ष.

इथे वऱ्हाडाबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा भाग मला वाचताना फार गमतीचा वाटला. वऱ्हाड तसं पाहिलं तर इंग्रजांचं नव्हतंच. कागदोपत्री मालक हैदराबादचा निजाम. १८५३ मध्ये इंग्रजांनी कर्जापोटी त्याच्याकडून ते कारभाराला घेतलं, आणि १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपये देऊन कायमच्या पट्ट्याने घेतलं. भाड्याचं घर म्हणा ना! पुढच्या वर्षी ते मध्य प्रांताला जोडलं. त्यामुळे १९१९ च्या कायद्यानंतर जेव्हा दिल्लीत मध्यवर्ती असेंब्ली आली, तेव्हा पेच पडला. वऱ्हाड ब्रिटिश मुलूख नाही, मग तिथला माणूस निवडून कसा येणार? तोड अशी काढली की वऱ्हाडातल्या मतदारांनी माणूस निवडायचा आणि मग सरकारने त्यालाच नेमल्यासारखं दाखवायचं. असेंब्लीच्या कामकाजात बापूजींच्या नावापुढे वऱ्हाडचे प्रतिनिधी असं लिहिलेलं असे. शेजारच्या नागपूर विभागातून डॉ. मुंजे यायचे, ते रीतसर निवडून आलेले. आणि मत तरी कोणाला? ठरावीक शेतसारा किंवा आयकर भरणाऱ्यांना. आमच्या आजोबा-पणजोबांसारखी माणसं त्या यादीत कुठून असणार!

बापूजी १९२३ च्या निवडणुकीनंतर या असेंब्लीत गेले. गांधीजींचा असहकार तेव्हा ओसरला होता आणि टिळकपंथी लोकांचं म्हणणं होतं की कौन्सिलांवर बहिष्कार टाकून काही हाती लागत नाही. आधी ते स्वराज्य पक्षात होते. मग १९२६ मध्ये न. चिं. केळकर, जयकर, मुंजे यांच्याबरोबर प्रतियोगी सहकारिता हा वेगळा मार्ग धरला. सरकार जेवढं देईल तेवढं घ्यायचं, वापरायचं, पुढचं मागायचं. गांधीवाद्यांना हे पटलं नाही आणि तरुणांना तर नाहीच नाही. पण वऱ्हाडातल्या मतदारांनी बापूजींना पुन्हा पाठवलं.

१९२८ हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं वर्ष, आणि दोन कारणांनी. पहिलं कारण साहित्याचं, म्हणून आपल्या मंडळात ते आधी सांगतो. त्या वर्षी मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला भरलं आणि त्याचे अध्यक्ष बापूजी अणे होते. ग्वाल्हेर म्हणजे आजचा मध्य प्रदेश. महाराष्ट्राबाहेरची मराठी ही काही आपली एकट्याची अडचण नाही, शंभर वर्षांपूर्वीही माणसं त्यासाठी एवढ्या लांब जमत होती.

दुसरं कारण राजकारणाचं. सायमन कमिशनला उत्तर म्हणून भारतीय पुढाऱ्यांनी स्वतःच राज्यघटनेचा आराखडा करायचं ठरवलं. मोतीलाल नेहरू समितीचे अध्यक्ष. समितीत तेजबहादूर सप्रू, अली इमाम, तरुण सुभाषचंद्र बोस, आणि आपले बापूजी. या अहवालात एक कलम होतं की एकवीस वर्षांवरच्या प्रत्येक स्त्री-पुरुषाला मत असावं. शिक्षण किती, सारा किती भरतो, हे विचारायचं नाही. त्या वेळी खुद्द इंग्लंडमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीचं मत त्याच वर्षी मिळालं होतं. म्हणजे मूठभर करदात्यांच्या मतावर निवडून येणारा हा वकील सगळ्यांच्या मताच्या कागदावर सही करत होता. त्या कलमाचा त्याला स्वतःला फायदा व्हायला एकतीस वर्षं लागली.

मग १९३० आलं. गांधीजी दांडीला गेले. वऱ्हाडात समुद्र नाही, मीठ कुठून आणणार? पण जंगल होतं. जंगल खात्याच्या कायद्याने गावाजवळच्या रानातलं गवत कापायलाही बंदी, गुरं चारायला पैसे. गावखेड्याच्या माणसाला हा कायदा मिठाच्या करापेक्षा जास्त टोचत होता. बापूजींनी असेंब्लीची जागा सोडली आणि १० जुलै १९३० ला पुसदजवळच्या राखीव जंगलात विळ्याने गवत कापलं. लगेच अटक झाली आणि तुरुंगात गेले. पन्नाशीचा, संस्कृत जाणणारा, सरकारशी सहकार करा म्हणणारा माणूस हातात विळा घेऊन रानात उतरला, हे लोकांनी पाहिलं. जंगल सत्याग्रहाचं हे वारं मग वऱ्हाडापुरतं राहिलं नाही, आमच्या सातपुड्याकडच्या बैतूल-शिवनीच्या गोंड-कोरकू गावांतही त्या पावसाळ्यात गवत कापलं गेलं आणि गोळ्याही चालल्या.

यानंतर बापूजी काँग्रेसच्या अगदी वरच्या फळीत आले. १९३३ मध्ये बहुतेक पुढारी तुरुंगात असताना ते काँग्रेसचे हंगामी अध्यक्ष होते. सामुदायिक कायदेभंग थांबवून वैयक्तिक सत्याग्रह सुरू करायची घोषणा त्यांच्या नावाने झाली. म्हणजे ज्या माणसाला गांधीजींचा मार्ग पूर्ण पटलेला नव्हता, त्याच्याच हातून तो मार्ग बदलला.

आणि लगेच पुढच्या वर्षी ते काँग्रेसशी भांडले. कारण जातीय निवाडा. १९३२ मध्ये ब्रिटिश पंतप्रधान मॅकडोनाल्ड यांनी कोणत्या समाजाला किती जागा आणि कोणाचे मतदारसंघ वेगळे ते जाहीर केलं होतं. मुसलमान, शीख, युरोपियन, अँग्लो-इंडियन, आणि काही प्रांतांत भारतीय ख्रिस्ती समाज, यांना स्वतंत्र मतदारसंघ. काँग्रेसने या निवाड्याला हो किंवा नाही काहीच म्हणायचं नाही असं ठरवलं. मदनमोहन मालवीय आणि बापूजी यांना हे गप्प बसणं मान्य नव्हतं. त्यांनी राजीनामे दिले आणि काँग्रेस नॅशनलिस्ट पक्ष काढला. १९३४ च्या निवडणुकीत त्यांचे जेमतेम डझनभर लोक असेंब्लीत आले, बापूजी त्यांचे नेते.

हा भाग वाचताना मी जरा अडखळलो. बापूजींचा विरोध हिंदू महासभेच्या बाजूचा होता, आणि अल्पसंख्याकांना भीती वाटते ती का वाटते, याचा विचार त्या बाजूने कमीच झाला, असं मला वाटतं. पण मतदारयादी धर्माने फाडली की उमेदवाराला दुसऱ्या समाजाच्या दारात जायची गरजच उरत नाही, हा त्यातला मुद्दा मात्र खरा होता. पुढे घटना समितीत अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी, स्वतः ख्रिस्ती, यांच्यासारख्यांनी राखीव जागांचाही आग्रह सोडला आणि सगळ्यांची यादी एकच ठेवली. आज आपल्या कॉलेजातली पोरं, कुठल्याही धर्माची असोत, एकाच बूथवर एकाच रांगेत उभी राहतात ती त्यामुळे.

आता बापूजींच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड भाग. तो गाळून चरित्र लिहिता येतं, बरेच जण तसं लिहितातही, पण मग नागपूरच्या निवडणुकीचा अर्थ लागत नाही.

१९४१ मध्ये व्हाइसरॉयने आपलं कार्यकारी मंडळ वाढवलं आणि त्यात जास्त हिंदी माणसं घेतली. बापूजींनी पद घेतलं, परदेशातल्या भारतीयांचं खातं. सहकार करून पदरात पाडून घ्या, या त्यांच्या जुन्या मताला ते धरूनच होतं. पण वर्षभरात ऑगस्ट १९४२ आला. चले जाव. गांधीजींसह सगळे पुढारी अटकेत गेले तेव्हा ज्या सरकारने ही अटक केली त्या सरकारच्या मंडळात बापूजी बसलेले होते.

१६ ऑगस्ट १९४२ ला चांदा जिल्ह्यातल्या चिमूरला लोकांचा उठाव झाला, अधिकारी मारले गेले. मग गोरे सोजीर आले. पुरुषांची धरपकड झाली आणि गावातल्या बायकांवर अत्याचार झाल्याच्या तक्रारी उठल्या. सरकारने चौकशी नाकारली. तेव्हा सेवाग्राम आश्रमातले प्राध्यापक भन्साळी दिल्लीला गेले. कोणाच्या दारात? बापूजी अण्यांच्या. कारण साधं होतं. चिमूर विदर्भातलं, आणि व्हाइसरॉयच्या मंडळात विदर्भाचा माणूस एकच. भन्साळींचं मागणं होतं की त्यांनी चिमूरला येऊन बघावं, चौकशी लावावी. बापूजींनी असमर्थता सांगितली. भन्साळी तिथेच उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला आणून सोडलं, तर त्यांनी तिथून पुन्हा उपोषण धरलं आणि ते ६३ दिवस चाललं.

त्या दिवसांत बापूजींच्या मनात काय चाललं असेल? रानात गवत कापणाऱ्या माणसाने आपल्याच मुलखातल्या बायकांसाठी चिमूरला जाऊ नये? पदाची बंधनं होती, सरकारचं धोरण ठरलेलं होतं, हे सगळं खरं. तरी ती गोष्ट बोचतेच. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींनी आगाखान पॅलेसमध्ये एकवीस दिवसांचं उपोषण सुरू केलं आणि सरकार त्यांना सोडेना, तेव्हा होमी मोदी, नलिनीरंजन सरकार आणि बापूजी अणे या तिघांनी राजीनामे दिले. चिमूरला उशीर झाला होता, इथे त्यांनी केला नाही.

नंतर ते सिलोनला हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधी म्हणून गेले, १९४३ ते १९४७. तिथेही प्रश्न मतदारयादीचाच होता! सिलोनमध्ये १९३१ पासूनच सगळ्या प्रौढांना मत होतं, आशियात इतरांच्या कितीतरी आधी. पण चहाच्या मळ्यांत राबणारे तमिळ मजूर त्या देशाचे की पाहुणे, यावर भांडण. वास्तव्याच्या अटी घालून त्यांची नावं यादीतून कमी ठेवली जात. बापूजी परतले आणि थोड्याच दिवसांत, १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने, त्या लाखो मजुरांचं नागरिकत्वच गेलं. यादीत नाव असणं म्हणजे काय, हे असं यादीबाहेर पडल्यावर कळतं.

घटना समितीत काही काळ, मग जानेवारी १९४८ पासून जून १९५२ पर्यंत बिहारचे राज्यपाल. म्हणजे पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली तेव्हा बापूजी पाटण्याच्या राजभवनात होते. वय एकाहत्तर. कोणीही म्हटलं असतं, झालं आता.

इकडे नागपूरने पहिली खासदार निवडली ती एक बाई. अनसूयाबाई काळे. काँग्रेसच्या. १९३७ मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडच्या असेंब्लीच्या त्या उपसभापती होत्या. आणि हे लक्षात ठेवा, आष्टी-चिमूरच्या खटल्यात फाशी झालेल्यांचे जीव वाचवण्यासाठी ज्यांनी रान उठवलं त्यांत त्या पुढे होत्या. १९५२ ला निवडून आल्या, १९५७ ला पुन्हा आल्या.

या दोन निवडणुकांच्या मधे नकाशा बदलला. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर यांच्या राज्य पुनर्रचना आयोगाने ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला. त्यात विदर्भाचं वेगळं राज्य करा अशी शिफारस होती. बुलढाणा, अकोला, अमरावती, यवतमाळ, वर्धा, नागपूर, भंडारा, चांदा असे आठ जिल्हे. बापूजींनी आणि ब्रिजलाल बियाणींनी हीच मागणी आयोगापुढे लावून धरली होती. पण सरकारने शिफारस उचलली नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला हे आठही जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि उरलेला मध्य प्रदेश भोपाळ राजधानी करून नव्याने उभा राहिला.

आणि आम्ही? जिल्हे आठ मोजले गेले, तहसिली मोजल्या नाहीत. छिंदवाडा जिल्हा हिंदी, म्हणून सगळा जिल्हा तिकडे. त्यातली सौंसर-पांढुर्ण्याची मराठी गावंही जिल्ह्यासोबत तिकडेच. एका सकाळी राजधानी साठ-सत्तर किलोमीटरवरून उठून सातपुडा आणि नर्मदा ओलांडून पलीकडे गेली. आयोगाने सांगितलेला विदर्भ झाला असता तरी आम्ही त्यात नव्हतोच, हे मला बापूजींच्या निमित्ताने नकाशा काढून बसलो तेव्हा कळलं. थोडं वाईट वाटलं. बापूजींच्या विदर्भात वणी होती, जामसांवली नव्हती.

नागपूरचं नुकसान मात्र डोळ्यांना दिसणारं होतं. राजधानी गेली, सचिवालय गेलं, बाबू लोक भोपाळला आणि मुंबईला गेले, हायकोर्टाचं खंडपीठ झालं. भाड्याने घरं देणारे, खानावळवाले, वकील, छापखानेवाले, सगळ्यांच्या धंद्याला फटका. १९५३ च्या नागपूर कराराने काही आश्वासनं दिली होती, म्हणजे विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला, विकासाचा वाटा लोकसंख्येच्या मानाने, वगैरे. पण राजधानीचं शहर करारावर खूश कसं राहील! त्या रागातून नागविदर्भ आंदोलन समिती उभी राहिली.

अशात अनसूयाबाईंचं निधन झालं आणि १९५९ मध्ये पोटनिवडणूक लागली. नागपूरने बापूजींना लोकसभेत पाठवलं. वय एकोणऐंशीच्या घरात. ज्या जागेवर आष्टी-चिमूरच्या कैद्यांसाठी धडपडलेली बाई बसली होती, त्याच जागेवर चिमूरला न गेलेला माणूस आला. इतिहासाला अशा खोड्या काढायची सवय असते.

मतदार विसरले होते का? मला नाही वाटत. चिमूरला तेव्हा सतराच वर्षं झाली होती. माझा अंदाज असा की लोकांनी त्या दिवशी बापूजींचा सगळा हिशेब मांडलाच नाही. त्यांना दिल्लीत आपलं गाऱ्हाणं सांगणारा, नेहरूंपुढेही ज्याचं वय आणि मान कमी पडणार नाही असा माणूस पाहिजे होता. आणि हे मतदार कोण होते? कापडगिरण्यांचे कामगार, महालातले जुने वाडेकरी, इतवारीचे व्यापारी, कोष्टी, आणि तीनच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर १९५६ ला, डॉ. आंबेडकरांसोबत धम्मदीक्षा घेतलेली प्रचंड वस्ती. वऱ्हाडच्या जुन्या यादीतल्या मूठभर सारा भरणाऱ्यांशी तुलना करा. १९२८ च्या त्या कागदावरचं कलम आता रांगेत उभं होतं.

१९६० मध्ये मुंबई राज्याच्या विभाजनाचं विधेयक लोकसभेत आलं तेव्हा विदर्भाची बाजू मांडायला बापूजी सभागृहात होते. विधेयक मंजूर झालं. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला आणि नागपूर त्याची उपराजधानी. मुंबईत दिवाळी साजरी झाली. नागपुरातही आनंद होता, पण सगळ्या गल्ल्यांत नव्हता.

खरी परीक्षा १९६२ ची. पोटनिवडणुकीत लोक रागाने मत देतात, असं म्हणतात. सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाचं यंत्र पूर्ण ताकदीने उतरतं. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री, महाराष्ट्र नुकताच झालेला, काँग्रेसचा जोर असा की राज्यातल्या बहुतेक जागा त्यांनी घेतल्या. आणि नागपूर शहरात ८१ वर्षांचा अपक्ष उभा. पाठीशी नागविदर्भ आंदोलन समिती. बापूजी निवडून आले. राज्याच्या उपराजधानीने, राज्य होऊन दोन वर्षंही झाली नसताना, हे राज्य नको म्हणणाऱ्याला खासदार केलं.

त्यातून विदर्भ राज्य मिळालं का? नाही. एक अपक्ष खासदार लोकसभेत बोलू शकतो, कागद ठेवू शकतो; राज्य निर्माण करायला बहुमत लागतं. शिवाय वऱ्हाडात आणि नागपुरात सगळेच वेगळ्या विदर्भाच्या बाजूचे होते असंही नाही. संयुक्त महाराष्ट्र पाहिजे म्हणणारे मराठी लोक इथेही पुष्कळ होते, आणि वेगळा विदर्भ म्हणजे जुन्या व्यापारी-वकील वर्गाचं राज्य, अशी शंका त्यांना होती. ती शंका अगदीच खोटी म्हणता येत नाही. बापूजींनी आपल्या बाजूने पाच वर्षं निष्ठेने काम केलं, एवढं नक्की.

१९६७ ला नागपूर पुन्हा काँग्रेसकडे गेलं, नरेंद्र देवघरे खासदार झाले. मग १९७१. सगळ्या देशात इंदिरा गांधींची लाट, आणि नागपूरने फॉरवर्ड ब्लॉकच्या जांबुवंतराव धोटे यांना निवडलं. दाढीवाले, गर्जना करणारे, विदर्भाचा सिंह म्हणवले जाणारे धोटे, आणि शांत संस्कृत पंडित बापूजी, यांच्यात साम्य काय? मागणी एकच, वेगळा विदर्भ. पण १९७७ ला, जेव्हा उत्तरेत काँग्रेस धुऊन निघाली, तेव्हा नागपूरने काँग्रेसचे गेव आवारी पाठवले. गंमत म्हणजे त्याच वर्षी मध्य प्रदेशात काँग्रेसला एकच जागा मिळाली, ती आमची छिंदवाड्याची. राज्यं दोन झाली तरी शेजारपण मतपेटीत दिसतंच की हो! १९८० मध्ये तेच धोटे इंदिरा काँग्रेसच्या तिकिटावर आले. आणि ज्या बनवारीलाल पुरोहितांनी १९८४ आणि १९८९ ला काँग्रेसकडून जागा जिंकली, त्यांनीच १९९६ ला ती भाजपला मिळवून दिली. वेगळ्या राज्याच्या नावावर शहर एकगठ्ठा मत देतं, हे मात्र बापूजी आणि धोट्यांनंतर फारसं दिसलं नाही. मार्च २०१६ मध्ये बापूजींचे नातू श्रीहरी अणे यांनी याच प्रश्नावर बोलल्यामुळे उठलेल्या वादात महाराष्ट्राचं महाधिवक्तापद सोडलं, तेव्हा चार दिवस पेपरात नाव आलं होतं.

आमच्याकडे काय बदललं म्हणाल, तर २०२३ च्या ऑक्टोबरात पांढुर्णा जिल्हा झाला. सौंसर आणि पांढुर्णा या दोन तहसिली मिळून. १९५६ ला ज्या तहसिली जिल्ह्याच्या हिशेबात बुडाल्या होत्या, त्यांचाच आता एक जिल्हा आहे. लोकसभा मात्र अजून छिंदवाडाच.

बापूजींकडे परत येतो. लोकसभेची मुदत संपली तेव्हा ते सत्त्याऐंशीच्या जवळ आले होते. या सगळ्या धामधुमीत, उतारवयात, ते एक काम करत होते ज्याचा निवडणुकीशी काही संबंध नव्हता. ज्या टिळकांमुळे ते राजकारणात आले, त्यांच्यावर संस्कृतात महाकाव्य. श्रीतिलकयशोऽर्णव. हजारो श्लोकांचं. २६ जानेवारी १९६८ ला, प्रजासत्ताक दिनी, बापूजी वारले. त्याच वर्षी त्यांना पद्मविभूषण जाहीर झालं. आणि १९७३ चा संस्कृतसाठीचा साहित्य अकादमी पुरस्कार त्या महाकाव्याला मिळाला, कवी जाऊन पाच वर्षं झाल्यावर.